फियाट ११००चं इंजिन: उघडण्याआधी मोजा

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. थोडक्यात असा: वडिलांची १९६९ सालची फियाट डिलाइट सात वर्षं शेडमध्ये उभी होती. मिस्त्रीने नवी बॅटरी लावून, बाटलीतून पेट्रोल पाजून ती सुरू केली. आता चालते, पण सकाळी सुरू करताना निळा धूर सोडते, मध्येच मिसिंग करते (एखादा सिलिंडर ठोका चुकवतो), यवतेश्वराचा घाट चढताना तापते आणि तापली की बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा निमूट सुरू होते. मिस्त्री म्हणतो, इंजिन संपलं, फुल इंजिन करून टाका, म्हणजे सगळं उघडून नव्याने बांधा. नाहीतर मुंबईच्या टॅक्सीचं तयार इंजिन आणून बसवतो. काय करावं? आणि हल्लीचं पेट्रोल या गाडीला चालतं का?

आधी निकाल सांगतो. इंजिन उघडू देऊ नका, निदान अजून नाही. तुमच्या चार तक्रारींपैकी मिसिंग, तापणं आणि बंद पडणं या तिन्हींची कारणं बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेरच सापडतात. धुराचं कारण आत असू शकतं, पण ते मोजल्याशिवाय कळत नाही. तुमच्या पत्रात सगळं आहे, आकडा मात्र एकही नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किती आलं, टॅपेटचा (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला) गॅप किती निघाला, पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगीच्या स्विचचा) किती, काहीच नाही. नुसतं कानाने ऐकून फुल इंजिनाचं एस्टिमेट देणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते: उघडल्यावर काही ना काही झिजलेलं सापडतंच. पन्नास वर्षांच्या इंजिनात सापडणार नाही तर काय होणार.

हे इंजिन मुळात कसलं आहे ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), चार सिलिंडर, १०८९ सीसी. ही मापं फियाटच्या १९३७च्या ५०८ सी मॉडेलची, दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या काळातली. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५४पासून कुर्ल्याला फियाट ११०० बनवायला घेतली. १९६४मध्ये डिलाइट आली, १९७४मध्ये तिचीच पद्मिनी झाली. बाहेरचा पत्रा बदलत गेला, बोअर-स्ट्रोक शेवटपर्यंत तोच राहिला. इटलीत ११०० डी मॉडेलला १२२१ सीसीचं मोठं इंजिन दिलं होतं, आपल्याकडे मात्र १०८९च. ताकद चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, क्रँकला मेन बेअरिंग तीनच, व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडणारे.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. बिडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमचं हेड आहे, म्हणून हे इंजिन उष्णतेला आणि वाईट पाण्याला नाजूक आहे. आणि क्रँकला तीनच आधार आहेत, म्हणून त्याला पिळून पळवायचं नसतं. बाकी ते फार सोशिक आहे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी याच इंजिनाकडून, दिवसपाळी आणि रात्रपाळी मिळून, जे काम करून घेतलं ते बघता घरची जपून वापरलेली गाडी सात वर्षं उभी राहिली एवढ्याने त्याचा बोअर जात नाही.

उभं राहून इंजिन झिजत नाही, चिकटतं. रिंगा खाचेत चिकटतात, व्हॉल्व्हचे दांडे गाइडमध्ये (दांडा सरकतो त्या नळीत) चिकटतात, पंपाचा पडदा कडक होतो, पेट्रोलचा डिंक होऊन जेटमध्ये बसतो, पॉइंटवर पांढुरका थर चढतो. खरं तर सुरू करण्याआधी चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं, मग पुढच्या भोकातून हँडल घालून हाताने इंजिन फिरवून बघायचं असतं. तुमच्या मिस्त्रीने थेट सेल्फ मारला. ते आता झालं. पण एक गोष्ट अजूनही करा. वरचं टॅपेट कव्हर काढा, प्लग काढलेले असू द्या आणि कोणाला तरी हँडल हळूहळू फिरवायला सांगून आठही व्हॉल्व्ह डोळ्यांनी बघा. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन लगेच वर आला पाहिजे. एखादा आळसावून मागे राहत असेल, किंवा रॉकर आणि व्हॉल्व्हच्या डोक्यामध्ये भलतीच फट दिसत असेल, तर तो चिकटला आहे किंवा त्याचा पुशरॉड वाकला आहे. तुमचं मिसिंग कदाचित एवढंच असेल. पुशरॉड हेड न उतरवता वरून ओढून काढता येतो. काचेवर लोळवून बघायचा. सरळ असेल तर सरळ लोळतो, वाकलेला असेल तर उड्या मारतो.

हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही, आणि झटका वर ओढताना द्यायचा, खाली दाबताना नाही. इंजिनाने उलटा फटका दिला तर हात सुटतो, मोडत नाही. जुन्या ड्रायव्हरांना हे शिकवावं लागत नसे, आता लागतं.

आता मोजणी. कॉम्प्रेशन गेज कुठल्याही बऱ्या गॅरेजात मिळेल, विकत घेतलं तरी फार महाग नाही. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढून ठेवा, चोक ओढलेला नाही, त्याची झडप पूर्ण उघडी आहे याची खात्री करा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा. हे शेवटचं अर्धे लोक विसरतात. हवा आत जायला वाट नसेल तर आकडा कमीच येणार, आणि मग फुल इंजिनाचा निकाल आयताच मिळतो. बॅटरी चार्ज हवी. प्रत्येक सिलिंडरवर सेल्फ सारखाच वेळ मारा आणि आकडे कागदावर लिहा. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो कमी आहे, तेव्हा नव्या गाड्यांचे आकडे शोधू नका. चारही १०० पौंडांच्या (दर चौरस इंचाला) बऱ्यापैकी वर आणि एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असतील तर खालच्या, म्हणजे बोअर-क्रँकच्या, कामाचा विषय तूर्त मिटला.

एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगांतून गळती आहे, कारण ऑइलने रिंगेची फट तात्पुरती बुजली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर मिळून कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट उडालं आहे. तिन्ही प्रकारांत काम वेगळं, खर्चही वेगळा. व्हॉल्व्ह आणि गॅस्केटसाठी फक्त हेड उतरतं. इंजिन गाडीतून बाहेर काढायची वेळ येते ती बोअर आणि क्रँकसाठी.

टॅपेटचं माप तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा. दुसऱ्या मॉडेलचं ऐकीव माप लावू नका. सेटिंग थंड इंजिनावर करायचं आणि त्यासाठी नऊचा हिशोब सोपा आहे. पुढून व्हॉल्व्ह मोजा, एक ते आठ. एक नंबरचा पूर्ण दबलेला असेल तेव्हा आठचा सेट करायचा, तीनचा दबलेला असेल तेव्हा सहाचा. बेरीज नेहमी नऊ. सेट करण्याआधी मात्र प्रत्येकाचा होता तो गॅप लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला ताडून बघता येईल. एक्झॉस्टचा गॅप दर खेपेला आपोआप कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालला आहे. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २०००पासून देशभर बंद झालं. शिसं या सीटांना एक प्रकारचं वंगण होतं, ते गेलं. शांतपणे चालवलेल्या गाडीत फारसा फरक पडत नाही, हायवेला सतत ताणलेल्या गाडीत पडतो.

धूर कधी येतो ते महत्त्वाचं. तुम्ही लिहिता, सकाळी सुरू करताना. हे गाइडचं लक्षण आहे: रात्रभरात ऑइल दांड्यावरून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. खात्री करायची असेल तर यवतेश्वरावरून खाली येताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय सोडा आणि पायथ्याला आल्यावर अॅक्सिलरेटर द्या. मागे निळा ढग उठला तर गाइडच. रिंगा गेलेली गाडी चढावर, भार घेताना, सतत धूर सोडते. आणि चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा चालवून सुटतात. ताजं ऑइल घालून पाचेकशे किलोमीटर नेमस्तपणे फिरवा, मग पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. आकडे सुधारलेले दिसण्याची चांगली शक्यता आहे. तोवर धुराकडे कानाडोळा करा, ऑइलच्या कांडीकडे नको.

ऑइल घालण्याआधी मात्र इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवाच. मी इंजिन उघडू नका म्हणतो त्याला हा एकच अपवाद. सात वर्षांत तळाशी काळा चिखल बसलेला असतो. नवं ऑइल तो सोडवून ऑइल पंपाच्या जाळीवर नेऊन बसवतं आणि बेअरिंगं कोरडी पडतात. चेंबर रॉकेल-डिझेलने धुवा, जाळी ब्रशने साफ करा, नवं गॅस्केट लावा. चमकणारे कण सापडले तर ते कसले ते बघा: चुंबकाला चिकटले तर लोखंड, नाहीतर बेअरिंगचा मुलामा. ऑइल साधं मिनरल, २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनाच्या मोकळ्या फटींना आणि जुन्या सीलना मानवत नाही, सगळीकडून पाझरायला लागतं. प्लग काढून सेल्फ मारत राहा, ऑइलचा लाल दिवा विझला की मगच प्लग लावून सुरू करा. पुढे वर्षातून एकदा ऑइल बदला, गाडी फिरली असो वा नसो.

आता तुमची खरी डोकेदुखी: तापली की बंद, थंड झाली की चालू. याला दोनच मोठे संशयित आहेत, पेट्रोलची वाफ किंवा करंट, आणि दोन्ही अर्ध्या तासाने आपोआप बरे होतात. म्हणून बंद पडल्या क्षणी बघावं लागतं. गाडीत एक जुना चालू प्लग ठेवा. बंद पडली की बॉनेट उघडा, एक प्लगवायर काढून त्या प्लगला लावा, प्लग ब्लॉकला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळसर आणि कडक असेल तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच तर कॉइल किंवा कंडेन्सर. कॉइल हाताला चटका बसेल इतकी तापली असेल तर जवळची दुसरी लावून बघा, तिथल्या तिथे उलगडा होईल.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळा. या गाडीचा पेट्रोल पंप, गॅरेजच्या भाषेत एसी पंप, ब्लॉकला बोल्टने बसवलेला आहे. ब्लॉकची सगळी उष्णता त्याला मिळते. टाकी मागे, पंप पुढे, म्हणजे पेट्रोल लांबून ओढावं लागतं आणि तापल्यावर नळीत वाफेचा बुडबुडा धरतो. पंप मग वाफच दाबत बसतो. जुने टॅक्सीवाले पंपावर ओला फडका टाकत, तो अगदी योग्य इलाज होता, आणि तपासणीही तीच: फडका टाकल्यावर पाच मिनिटांत गाडी सुरू झाली तर रोग वाफेचाच.

पण ही वाफ याच गाडीत इतक्या लवकर का धरते, ते शोधा. बहुतेक वेळा कारण मागच्या बाजूला असतं. टाकी ते पंप या भागात रबरी नळीला बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर टपकत नाही, उलट नळी हवा ओढते. त्यामुळे खाली ओलसर डाग दिसत नाही, वास येत नाही, आणि मिस्त्री ती नळी सोडून बाकी सगळं बदलतो. तिथल्या सगळ्या रबरी नळ्या नव्या घाला. पंपाचं डायफ्रॅम किट घाला, किटबरोबर आतल्या दोन झडपाही बघा. मग कार्बोरेटरकडची नळी सोडून बाटलीत धरा, कॉइलची वायर काढा आणि सेल्फ मारा: पेट्रोल झटक्याझटक्याने, जोरात, बुडबुड्यांशिवाय आलं पाहिजे. हे इंजिन थंड असताना करा आणि शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवा. बाटलीने पेट्रोल पाजून गाडी चालवायचं मात्र आता बंद करा. तापलेल्या एक्झॉस्टवर चार थेंब सांडले तर बॉनेट पेटतं.

सात वर्षांपूर्वीचं पेट्रोल टाकीत असेल तर ते उपसून टाकाच. वास बघा, वॉर्निशसारखा आंबूस येईल. टाकी उतरवून आतला गंज धुऊन घ्या, नाहीतर कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी तिसऱ्या दिवशी जेट तुंबणार.

तापण्याचं आता. थर्मोस्टॅट काढून टाका, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल किंवा आधीच कोणी तो काढला असेल. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हिवाळ्यात सपाटीवर गार राहतं, ऑइलमधलं पाणी उडत नाही, आत चिखल होतो, आणि घाटात ते तापायचं तेवढं तापतंच. गरम पाण्याच्या भांड्यात टाकून उघडतो का बघा, नाही उघडला तर नवा घाला. खरा दोष बहुधा ब्लॉकमध्ये असतो. ब्लॉकच्या बाजूला पाणी काढायची छोटी तोटी आहे. रेडिएटर भरलेला असताना, इंजिन गार असताना ती उघडा. धार आली पाहिजे. बहुतेक जुन्या गाड्यांत एक थेंबही येत नाही. मग जाडसर तार घालून ढोसायचं. आधी घट्ट विटकरी चिखल येतो, मग चहासारखं पाणी, आणि नंतर एकदम धार. हा चिखल ब्लॉकच्या मागच्या टोकाला साठतो आणि तिथलाच सिलिंडर सगळ्यांत जास्त तापतो. तोटी काढून पाइपाने उलट दिशेने पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या असतात, गॅरेजात त्यांना डमी म्हणतात, त्या आतून कुजल्या असतील तर याच वेळी बदला.

मग पुन्हा विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरू नका. त्यात क्षार असतात, आणि बीड व अॅल्युमिनियम साध्या पाण्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात ते यामुळेच. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दर दोन वर्षांनी बदलायचं. रेडिएटरची टोपी मूळ जेवढ्या दाबाची असेल तेवढ्याच दाबाची घ्या. आणि घाटात तापली म्हणून वरून गार पाणी ओतायचं नाही. हेड वाकतं, आणि मग फुल इंजिनवाल्या मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरतं.

तापण्याची आणखी तीन कारणं इंजिनाची नाहीतच, आणि तीन्ही सात वर्षं उभ्या गाडीत नेहमीची. ठिणगीचं टायमिंग मागे पडलेलं. मिश्रण पातळ. आणि ब्रेक धरलेले; हे कोणी बघत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, व्हील सिलिंडर गंजून लायनर ड्रमला घासत राहतं. एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. चाळीस घोडे ब्रेक ओढत घाट चढणार असतील तर काटा लाल व्हायचाच.

मिसिंगसाठी डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडा. टोपीला आतून केसासारखी चीर आहे का, रोटर जळलाय का, मधला कार्बन आहे का, हे भिंग लावून बघा. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा. काड्यापेटीच्या पट्टीने पॉइंट घासणं आणि पोस्टकार्डाच्या जाडीने गॅप लावणं हे रस्त्यावरचे निभावून न्यायचे उपाय. घरी फिलर गेज वापरा. लुकासचा डिस्ट्रिब्युटर असेल तर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. प्लगचा गॅप ०.६च्या आसपास. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. गॅप नीट लावूनही इंजिन अडखळत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट धरून आडवा हलवून बघा. बुश झिजून शाफ्ट डुगडुगत असेल तर गॅप प्रत्येक फेरीला बदलतो आणि कितीही पॉइंट बदलले तरी उपयोग नाही. लेथवाल्याकडून बुश बसवून घ्या. कंडेन्सर नवा म्हणून चांगला असतो असं समजू नका. जुना चालू कंडेन्सर फेकू नये, डिकीत ठेवावा.

पेट्रोलबद्दल. आज पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. या गाडीला ऑक्टेनची चिंता नाही, रेशो कमी आहे, त्यामुळे ऑक्टेन वाढवायला महागडं पेट्रोल घालण्यात अर्थ नाही. अडचण इथेनॉलची आहे आणि ती तीन ठिकाणी होते. जुनं रबर त्याने फुगतं किंवा ठिसूळ होतं, म्हणून नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉल सहन करणाऱ्या मालाचेच मागा. ते पाणी ओढून घेतं; उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि कार्बोरेटरला आतून पांढरी भुकटी धरते. म्हणून टाकी फुल करून गाडी महिनोन्‌महिने ठेवू नका, थोडं भरा आणि संपवा. जास्त दिवस ठेवायचीच असेल तर कार्बोरेटर कोरडा करून ठेवा. आणि तिसरं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम चालतं. प्लग काढून बघा. बिस्किट रंग असेल तर उत्तम, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे. सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवर नंबर कोरलेला असतो, तो भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. एक पायरी मोठा जेट लावून पुन्हा रंग बघा. असलेला जेट तार घालून मोठा करू देऊ नका.

हे सगळं करूनही कॉम्प्रेशन खालीच राहिलं, तर उघडा, पण तेव्हाही पायरीपायरीने. आधी हेड. ते थंड असताना, त्याचे नट बाहेरून मध्ये अशा क्रमाने थोडेथोडे सैल करायचे, बसवताना उलट, मधून बाहेर अशा क्रमाने टॉर्क पान्याने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. गाडी थोडी चालल्यावर इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं आणि पुन्हा एकदा टॉर्क तपासायचा. हेड फेस करायचं (घासून सपाट करायचं) तर लागेल तेवढंच. गाइड बदलून व्हॉल्व्ह बसवून घेतले की तुमच्या लक्षणांवरून धूर थांबेल असा माझा अंदाज आहे. हेड उतरलेलं असतानाच बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं माप घ्यायला लावा. बोअर करायचंच ठरलं तर आधी पिस्टन हातात घ्या, मग लेथवाल्याकडे जा. पिस्टनच्या मापाला बोअर होतो. बोअर करून मग पुण्याच्या नाना पेठेत पिस्टन शोधत फिरणारे पुष्कळ बघितले आहेत.

राहिला टॅक्सीच्या इंजिनाचा प्रश्न. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींमधली पुष्कळ इंजिनं शेवटी वर्षानुवर्षं सीएनजीवर चालली होती. सीएनजी कोरडा गॅस आहे, व्हॉल्व्ह सीटना तो पेट्रोलपेक्षा कठोर. असं इंजिन बाहेरून चंदेरी रंग मारून विकायला येतं, चालूही होतं. आत काय आहे ते विकणाराही सांगू शकत नाही. सुट्या भागांसाठी घ्यायचं तर घ्या. रॉकर शाफ्ट, वॉटर पंपाची बॉडी, डिस्ट्रिब्युटर, मॅनिफोल्ड, सगळं उपयोगी पडतं. वडिलांच्या गाडीचं चालतं इंजिन काढून त्या जागी ते बसवण्याला मी तरी हात लावणार नाही.

कागदांचाही विचार आहे. २०२१मध्ये केंद्राने जे नियम केले त्यांत पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. तुमची गाडी त्या वयात बसते. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच आणता येते. त्यामुळे कासला फिरायला न्यायची असेल तर साधी नोंदणी चालू ठेवणंच सोयीचं. कुठलाही मार्ग घेतलात तरी आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर जुळला पाहिजे. ब्लॉकवरचा नंबर तारेच्या ब्रशने नाही, रॉकेलच्या फडक्याने पुसून काढा, आकडे उथळ असतात. त्याचा एक स्पष्ट फोटो आरसीसोबत ठेवा, आणि ब्लॉक कधी लेथवाल्याकडे गेलाच तर परत आलेल्या ब्लॉकवर तोच नंबर आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा.